कापूस बसला की बोलाव

जवळा बाजार या गावात मुजफ्फर पिंजाऱ्याला काहीही म्हणा, तो हसून सोडून द्यायचा. फक्त त्याच्यासमोर फोमच्या गादीचं नाव काढायचं नाही. काढलंत, तर मग त्या दिवसाची तुमची बाकीची कामं गेली म्हणून समजा. "फोम मंजे काय? भांडे घासायचा स्पंज. त्याच्यावर झोपता तुमी? पाठीला काहून एवढी तकलीफ देता?" इथून जी सुरुवात व्हायची, ती चहा दोनदा येऊन गेला तरी संपायची नाही. आणि नशिबाचा खेळ बघा, त्याच्याच पोटच्या पोरानं, वासिफनं, वसमतला फोमच्या गाद्यांचं दुकान टाकलेलं. काचेचं, एसी लावलेलं. गाद्या चीनमधून यायच्या, वळकटी करून खोक्यात कोंबलेल्या. खोकं फाडलं की गादी आपोआप फुगायची आणि गिऱ्हाईक टाळ्या वाजवायचं. मुजफ्फर एकदाच त्या दुकानात गेला, गादीवर बोट दाबून बघितलं आणि तडक एसटीनं परत आला.

त्याचा बाप खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली टाकून गावोगाव हिंडायचा. मुजफ्फरच्या हातात पिंजायचं मशीन आलं, एवढाच काय तो फरक. पण त्याच्या घराण्याची खरी कमाई वेगळीच होती. शिरड शहापूरच्या वाटेवर जो बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथल्या प्रत्येक पोरीच्या लग्नाची गादी ह्याच घरात व्हायची. कापूस पोरीच्या बापाच्या शेतातला. खोळ लाल. गादी भरून झाली की एका कोपऱ्यात वसमतच्या बाजारातलं हळकुंड घालून तो कोपरा शिवायचा. आणि मग, हे महत्त्वाचं, पिंजाऱ्यानं स्वतः पोरीच्या सासरी जायचं, गादी अंथरायची, तिच्यावर एक थाप मारायची आणि पोरीला म्हणायचं, "कापूस बसला की बोलाव. मी येतो, पिंजून देतो."

नुसतं म्हणायचं नाही, जायचंसुद्धा. दोन-तीन वर्षांनी कापूस बसायचा, गादीत गोळे व्हायचे, निरोप यायचा आणि मुजफ्फर निघायचा. पुसदच्या पुढंही गेलेला होता तो. अंगणात बसून कापूस पिंजता पिंजता पोरगी त्याच्याशी मन मोकळं करायची, कारण माहेरचं माणूस आणि तेही सासूला संशय न येणारं! परत आल्यावर मुजफ्फर आधी तांड्यावर जायचा आणि आईबापाला सांगायचा, पोरगी सुखात आहे. किंवा सुखात नाही. एकदा तर त्याच्या सांगण्यावरून तांड्याचा नायक जीप भरून माणसं घेऊन गेला होता आणि एका जावयाची दारू सुटली होती. तेव्हा गादी ही काही नुसती गादी नव्हती.

तर अशात एके दिवशी तांड्यावरची मिराबाई कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन दुकानात आली. म्हातारी मोठी ठसक्याची. अजूनही बंजारणीचा घेरदार घागरा, म्हणजे फेटिया, बाह्यांवर आरसे, चालली की घुंगरं वाजायची. गाठोडं टाकून म्हणाली, "भाई, आमच्या धाकटीचं, संगिताचं जमलं. गादी पाहिजे."

"वा! मुबारक! पोरगा कुठला?"

"हाये इकडचाच, प्रेमदास. पण असतो पेनांगला."

"हे कुठं आलं? परभनीच्या पुढं?"

"मलेशियात," मिराबाई म्हणाली. "तिथं कम्प्युटरचे पुर्जे बनवायचा कारखाना हाये. लगीन इथं, नांदनं तिथं." आणि मग पदरानं तोंड पुसत हळूच म्हणाली, "आमच्या आज्या-पणज्यानं बैलांवर मीठ लादून सगळा मुलूख पालथा घातला, भाई. कोनी शिक्का मागितला न्हाई. आता पोरगी सासरी धाडायची तर दोन सरकारांचे शिक्के पाहिजेत. इतक्या लांब हिला बघायला जानार कोन?"

मुजफ्फर खाली वाकला. गाठोड्यात हात घालून कापूस बघत राहिला. लांब धाग्याचा, पांढराशुभ्र. पण त्याच्या काळजात काहीतरी टोचलं ते टोचलंच. ही पहिलीच पोरगी, जिच्या सासरी त्याला जाता येणार नव्हतं.

संगिता त्याच आठवड्यात येऊन बजावून गेली. वसमतच्या कॉलेजात शिकलेली, बोलायला चुरचुरीत. "चाचा, गादी पातळ करा, विमानात वजन मोजतात. अन् त्याच्यात काही टाकू नका हां. बी न्हाई, मूळ न्हाई, पाला न्हाई. तिकडचं सरकार लई कडक आहे."

"काही टाकत न्हाई बेटा. मी काय खुळा हाव?"

खुळा नव्हता. पण हात होते ना! जन्मभर जे काम केलं ते हातांनी त्याला न विचारता केलं. शेवटचा कोपरा आला, डावा हात डब्यात गेला, हळकुंड कोपऱ्यात बसलं, दाभण फिरलं, गाठ पडली. मुजफ्फर तेव्हा जुलेखाशी, म्हणजे बायकोशी, लग्नाला कुठली शेरवानी घालायची यावर वाद घालत होता. त्याला पत्ताच नाही.

गादी विमानात मावायची कशी, हा पुढचा घोर. तिथं वासिफ उपयोगी पडला. वसमतहून एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणि हवा ओढायचं यंत्र घेऊन आला. गादी पिशवीत, यंत्र सुरू, आणि बघता बघता गादीचा पापड झाला. मुजफ्फरचा जीव वरखाली. "अरे जिंदगी गेली माझी कापसात हवा भरन्यात, अन् हे पोरगं हवा काढून राहिलं!" जुलेखा पदर तोंडात कोंबून हसली. वासिफ म्हणाला, "अब्बा, तिकडं गेल्यावर परत फुगेल." "फुगायला ती काय तुझी फोम हाये?" म्हणून मुजफ्फर बाहेर निघून गेला, पण जाताना पिशवी उचलून बघितलीच, किती हलकी झाली ते.

लग्न झालं. तांड्यात तीन दिवस नगारा वाजला. जाताना संगितानं मिराबाईच्या गळ्यात पडून रिवाजाप्रमाणे गाऊन गाऊन रडणं केलं, आणि पापड झालेली गादी बॅगेत घालून नवऱ्यासोबत विमानानं गेली.

त्यांचं विमान उतरलं तो नेमका जवळ्याच्या बाजाराचा दिवस. दुकानात मिराबाई बसलेली, पोरगी पोचल्याचा फोन ऐकायला. फोन आला तो तिकडच्या विमानतळावरून, व्हिडिओचा, आणि संगिताचं तोंड एवढंसं झालेलं.

"चाचा, गादीत काय टाकलं तुमी?"

"काहीच न्हाई!"

"यंत्रात दिसून राहिलं! कोपऱ्यात. कडक, काळं. ह्या मॅडम म्हणतात गादी कापून बघावी लागेल, न्हाई तर इथंच ठेवून घेतील."

मुजफ्फरनं कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! हळकुंड!"

"हळकुंड? मी सांगितलं होतं ना!"

"बेटा, मी न्हाई टाकलं, हातानं टाकलं!"

तोवर दुकानापुढं निम्मा बाजार गोळा झालेला. कोथिंबीरवाली, पानवाला, कापसाची गाडी सोडून आलेला गाडीवान, सगळे फोनमध्ये वाकून मलेशियाचं सरकार बघू लागले. सरकार म्हणजे निळा रुमाल डोक्याला बांधलेली एक गोल चेहऱ्याची बाई होती आणि तिच्या हातात कात्री होती.

"कापू नका!" मुजफ्फर एवढ्यानं ओरडला की फोनची गरजच नव्हती, तसंही पेनांगला ऐकू गेलं असतं. "संगिता, त्या ताईला सांग, कात्री ठेवा. कोपऱ्याला दोऱ्याचं शेपूट हाये, लाल. त्याची गाठ सोडून हळू ओढायचं. खोळीला धक्का न्हाई, टाके आपोआप उसवतील."

संगितानं इंग्रजीत सांगितलं. बाईनं मुजफ्फरकडं, म्हणजे फोनकडं, क्षणभर बघितलं. कात्री खाली ठेवली. शेपूट सापडलं, गाठ सुटली. ओढलं. सर्रर्र करून कोपरा उघडला आणि टेबलावर टपकन हळकुंड पडलं. बाईनं ते उचलून नाकाशी नेलं आणि फस्सकन हसली. कायसं बोलली.

"काय म्हनती?" इकडं सगळा बाजार एका तोंडानं.

"म्हणती, हिच्या आजीच्या घरीपण कापसाच्या गाद्या होत्या. सावरीच्या झाडाच्या कापसाच्या. असाच लाल दोरा. आता कोणी करत नाही, सगळे फोम घेतात."

"सावरीचा? उशीला ठीक हाये, गादीला कुचकामी. पन फोमपेक्षा लाख पटीनं बरा! सांग तिला!"

संगितानं त्यातलं सोयीचं तेवढंच सांगितलं. बाई पुन्हा हसली, पण हळकुंड मात्र कचऱ्याच्या डब्यात गेलं. नियम म्हणजे नियम. गादी घेऊन जा म्हणाली, आणि हळद इथल्या बाजारात ढिगानं मिळते, ती घाल कोपऱ्यात. हे ऐकल्यावर कोथिंबीरवालीनं टाळ्या वाजवल्या, गाडीवानानं शिट्टी मारली आणि मिराबाईनं मलेशियाच्या सरकारची फोनवरूनच अलाबला घेऊन कानशिलावर बोटं कडाकड मोडली. ती बाई बिचारी चकित होऊन बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी अंथरायचा कार्यक्रम. इकडं दुकानात मुजफ्फरच्या भोवती जुलेखा, वासिफ आणि मिराबाई फोनला चिकटून बसलेले. संगिताचं घर चौदाव्या मजल्यावर, खाली समुद्र. गादी पिशवीतून काढली तर खरंच पापड! मुजफ्फरनं फोनवरून हुकूम सोडायला सुरुवात केली. उन्हात टाक. उलटी कर. आता काठी घे. काठी नव्हती, प्रेमदासनं झाडूचा दांडा आणला आणि धपाधप सुरू केलं.

"हळू, जावईबापू! कापूस हाये, चोर न्हाई!"

शेजारच्या गॅलरीतून एक चिनी म्हातारी बघत होती. तिनं खुणेनं दांडा मागितला आणि असे काही बेताचे तडाखे दिले की मुजफ्फर इकडं खूश होऊन म्हणाला, "ह्या बाईचा हात बराबर बसून राहिला. हिला इचार, पिंजाऱ्याची हाये का?" कापूस उठला. गादी भरली. संगितानं तिथल्या बाजारातलं हळदीचं कांडं कोपऱ्यात घातलं, लाल दोऱ्यानं कोपरा शिवला, थोडा वाकडाच. मग आत नेऊन अंथरली.

"आता थाप मार. जोरात. मला ऐकू दे."

धप्प! जाड, भरदार आवाज आला. मुजफ्फरनं डोळे मिटले. किती वर्षं ही थाप त्यानं स्वतःच्या हातानं मारली होती, आणि आज पहिल्यांदा दुसऱ्याची ऐकत होता. भरून आलं त्याला. आणि त्या भरात, पुन्हा एकदा न विचारता, तोंडातून निघून गेलं, "कापूस बसला की बोलाव. मी येतो, पिंजून देतो."

जुलेखानं डोक्याला हात लावला. "क्या बोले जी तुम? मलेशिया क्या शिरड शहापूर है?"

सगळे हसले. वासिफ हसला, मिराबाई हसली, प्रेमदास हसला. संगिता तेवढी हसली नाही. फोन अगदी तोंडाजवळ आणून तिनं विचारलं, "चाचा, खरंच याल?"

तो प्रश्न ऐकून मिराबाईचं हसू थांबलं. मुजफ्फरनं पोरीच्या डोळ्यांकडं बघितलं. चौदावा मजला, समुद्र, आणि माहेरचं एकही माणूस नाही.

"आजवर बोलावलं अन् मी आलो न्हाई, असं झालंय का कधी?"

त्यानंतर महिनाभरात जवळ्याला एक हवालदार मुजफ्फरच्या पासपोर्टची चौकशी करायला आला. अर्ज वासिफनं भरलेला, आणि भरताना त्यानं बापाच्या एकाही वाक्याला फाटा दिला नव्हता. हवालदार खुर्चीवर बसला, चहा घेतला.

"परदेशी काहून चालले, चाचा?"

"गादी पिंजायला."

हवालदारानं कप खाली ठेवला. "मस्करी नका करू."

"मस्करी न्हाई साहेब. आमच्या पोरीची गादी हाये तिथं."

"तुमची पोरगी?"

कोपऱ्यात घुंगरं वाजली. ओळखीचा माणूस म्हणून मिराबाई येऊन बसली होती. "आमची दोघांची," ती म्हणाली. "तांड्यातली कोन्तीबी पोरगी इचारा, हा मानूस तिच्या सासरी जाऊन आलेला हाये."

हवालदार आळीपाळीनं दोघांकडं बघत राहिला, मग हसला. "बरं, निघायचं कधी?"

"घाई न्हाई," मुजफ्फर म्हणाला. "कापूस बसायला दोन-तीन वर्षं लागत्यात. पन पोरीनं बोलवावं अन् माझ्याजवळ पासपोर्ट नसावा, असं नको व्हायला."

हवालदारानं चहा संपवला आणि सही केली.