नरांच्या पिंजऱ्यातली पिल्लं

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी नगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. तिथल्या जीवशास्त्राच्या बाई पीएच.डी.साठी पांढऱ्या उंदरांवर काम करत होत्या. उंदीर सांभाळणं आणि नोंदवही लिहिणं माझ्याकडे होतं. अंगात गाठ वाढत असताना मेंदूतली निरोप पोचवणारी रसायनं, सेरोटोनिन, डोपामिन वगैरे, नरात आणि मादीत सारखीच बदलतात का, हा त्यांचा प्रश्न.

मी सुचवलं, सगळ्यांची मिळून सरासरी काढू. बाई म्हणाल्या, "नरात वाढलं आणि मादीत तेवढंच घटलं, तर तुमच्या सरासरीत काहीच घडलेलं दिसणार नाही. मग उंदरांचा जीव कशाला घेतला आपण?"

मेंदू बर्फाच्या थर्मासमध्ये घालून त्या स्वतः एस.टी.ने पुण्याला मोजायला नेत. सुप्याला गाडी थांबली की झाकण उघडून बर्फ पाहत. नळीवर फक्त क्रमांक असायचा. नर की मादी, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. ते फक्त माझ्या वहीत.

दुसऱ्या खेपेच्या अठरा उंदरांचे आकडे सुरेख आले. नर एकीकडे, माद्या एकीकडे. प्रबंध त्यांच्यावरच उभा राहणार होता आणि मुदतीला दोन महिने उरले होते. अशात एका सकाळी त्याच खेपेतल्या, गाठ न देता तुलनेसाठी ठेवलेल्यांपैकी उरलेल्या नरांच्या पिंजऱ्यात सहा लालचुटूक पिल्लं दिसली.

नर-मादी मीच वेगळे केले होते. तीन आठवड्यांच्या पिल्लाचं शेपटीखाली गुद आणि मूत्रद्वार यांच्यातलं अंतर पाहायचं. नराचं जास्त असतं. पण शेजारी दुसरं पिल्लू धरून ताडून पाहावं लागतं. त्या दिवशी मी एकेक उचलून उरकलं होतं. पुढे मेंदू काढताना पिंजऱ्यावरची चिठ्ठीच पाहिली जायची.

बाईंनी विचारलं, "पुण्याला गेलेले अठरा तरी खात्रीचे आहेत ना?"

धडं केव्हाच पुरून झाली होती. 'हो' म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं?

"नाही बाई. सांगता येत नाही."

त्यांनी पट्टी मागितली. माझ्या वहीतल्या अठरा ओळींवर अठरा रेघा मारल्या, खालचा आकडा वाचता येईल अशा. समोर 'नर-मादी अनिश्चित' लिहून सही केली. म्हणाल्या, "नव्या जोड्या लावायला घ्या."

घरी बायकोला सांगितलं. ती बेलापूरकडची. "शेळीचं करडू लांबून वळखता, अन् उंदीर हातात धरून कळंना व्हय? लई मोठे हिशेबी!"

नव्या खेपेला बाईंनी आणि मी प्रत्येक पिल्लू वेगवेगळं पाहून आपापल्या वहीत लिहिलं, मग वह्या ताडल्या. मतं जुळली नाहीत ते पिल्लू बाजूला. मुदत हुकली, वर्ष वाढवून घ्यावं लागलं. नर-मादीतला फरक पुन्हा दिसला, पण आधीच्याइतका ठसठशीत नाही. बाईंनी जेवढा दिसला तेवढाच लिहिला.

बांधून आलेल्या प्रबंधात मी आधी अठरा उंदीर शोधले. एका तळटीपेत सापडले. बाईंनी लिहिलं होतं: 'नर-मादी ओळखण्यात माझ्याकडून चूक झाल्याने ही खेप वगळली आहे.'

"बाई, चूक तर माझी होती," मी म्हणालो.

"वहीवर सही कुणाची आहे?" त्यांनी विचारलं, आणि पिंजरे धुवायला निघाल्या.