केळीतून गेलेली वाट

आमच्या एरंडोलकडच्या शेतात पुढचा तुकडा आमचा, मागचा नवऱ्याच्या चुलतभावाचा. त्यांना सगळे आबा म्हणतात. ते मागच्या तुकड्यातच घर बांधून राहतात. वाटणीच्या वेळी त्यांना बाहेर पडायला जागा नव्हती, म्हणून आमच्या केळीतून गाडीवाट ठेवली. पुढे त्यांनी डांबरी रस्त्याकडची पट्टी विकत घेतली, खडी टाकली, लोखंडी फाटक बसवलं. तरी रोज सकाळी ट्रॅक्टर आमच्याच केळीतून. ठिबकच्या नळ्या चिरडायच्या, लोंबते घड फाळाला लागून फुटायचे. बोललं की एकच उत्तर, "हाऊ रस्ता मना बापना शे."

नवऱ्याने एका सकाळी वाटेवर बाभळीचे काटे टाकले. आबांनी काट्यांवरून ट्रॅक्टर आणला. नवरा समोर उभा राहिला. आबा खाली उतरले आणि हातातली पहार त्यांनी सरळ नवऱ्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी बांधावरून ऐकला. मी धावले, तर मलाही ढकललं. तोंड दगडावर आपटलं, पुढचा दात गेला. पोलिसांनी गुन्हा आबा आणि नवरा, दोघांवर नोंदवला. तहसीलदारांनी काटे काढायला लावले. चालू वाट तुम्ही स्वतः अडवू शकत नाही, म्हणाले. बरोबरच होतं ते.

त्या दिवसापासून माझा मुलगा घड कापायचा कोयता उशाशी घेऊन झोपू लागला. चोवीस वर्षांचा. जेवताना म्हणाला, "आई, आबाचा हातच राहिला नाही तर पहार कशी उचलेल?" हसत म्हणाला. मला कळलं, वाट लवकर बंद झाली नाही तर यातला एक जण स्मशानात जाईल आणि दुसरा तुरुंगात.

मी जळगावला वकीलबाईंकडे गेले. त्यांनी चहा मागवला नाही, कामाचं बोलल्या. आबांनी हक्क सोडल्याचं लिहून, नोंदवून दिलं तर वाट संपेल. दोन्ही शेतं एकाच्या मालकीची झाली तर संपेल. वीस वर्षं कोणी वापरलीच नाही तरी संपेल. "यातलं काही होण्यासारखं आहे?"

मी म्हटलं, तोवर मुलगा थांबणार नाही.

मग त्या म्हणाल्या, ही वाट गरजेपोटी मिळाली होती. गरज संपली की तीही संपते. फक्त संपली हे कोर्टात दिसलं पाहिजे. आणि निकाल येईपर्यंत तुमच्याकडून एक काटाही पडता कामा नये.

मी मुलाचा कोयता धान्याच्या कोठीत टाकून कुलूप लावलं. त्याने दार लाथेने मोडलं. मी त्याच्या कानाखाली मारली. तिकडे आबा मुद्दाम त्याच्या अगदी जवळून ट्रॅक्टर नेत, एकदा तर चाक त्याच्या पायावरून जाता जाता राहिलं.

कोर्टात आबांनी शपथेवर सांगितलं, फाटकाचा रस्ता कामाचा नाही, पावसाळ्यात चाक रुततं, आम्ही तिथून जातच नाही. वकीलबाईंना मी आधीच एक गोष्ट सांगून ठेवली होती. त्यांनी शांतपणे विचारलं की, श्रावणात तुमच्या घरची कानबाई देवी विसर्जनाला नदीवर गेली ती कुठून.

आबांच्या वकिलाने मान हलवून खूण केली. आबांनी ती पाहिलीही असावी. पण सगळ्या भाऊबंदांत त्यांच्या कानबाईची मिरवणूक मोठी, आणि देवीबद्दल खोटं बोलणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मला नाही. त्यांची छाती फुगली.

"नवा रस्ताघाई, वाजत-गाजत. आईले काय यास्ना चिखलमाईन लई जाऊत?"

म्हणजे भर श्रावणात सगळी मिरवणूक फाटकाच्या रस्त्याने गेली होती, आणि चिखल होता तो आमच्या वाटेवर. न्यायाधीश साहेबांनी उत्तर लिहून घेतलं. आपण काय बोललो ते आबांना बाहेर व्हरांड्यात कळलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या वकिलाची कॉलर धरली.

निकाल आमच्या बाजूने लागला. अपिलाची मुदतही गेली. मग आम्ही वाटेवर केळीचे कंद लावायला घेतले. आबा त्यांच्या बांधावर येऊन उभे राहिले, माझ्या माहेरापर्यंत शिव्या देत. मग दगड आला. माझ्या कपाळाला लागला, रक्त डोळ्यात उतरलं. मुलाने फावडं उचललं आणि बांधाकडे दोन पावलं टाकली.

"पोलिसांत मी जाईन," मी म्हटलं. "तू खड्डा खोद."

तो वळला आणि खोदू लागला. कंदाला हातभर खड्डा पुरतो. त्याने कमरेइतका खोदला. मी त्याला थांबवलं नाही.