फळ्याबाहेर गेलेली रेषा

भिलाईतल्या एका इंग्रजी शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा निघाली होती. जागा मिळवायची तर आधी वर्गावर शिकवून दाखवायचं होतं. त्याला डेमो म्हणतात. याआधीच्या शाळांनी मला 'कळवतो' म्हणून सांगितलं होतं आणि कळवलं नव्हतं. ही शाळाही हुकली असती तर हथखोजच्या एका कारखान्यात बिलं टाइप करायचं काम धरायचं, असं घरात ठरलंच होतं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मीच पहिली. बी.एस्सी., बी.एड. करून बिलं टाइप करायची, याचं मला जितकं वाईट वाटत होतं त्याहून जास्त बाबांना. पण ते बोलून दाखवत नसत.

बाबांची रेल्वेतली नोकरी. त्यामुळे आम्ही नागपूरकडून दुर्ग लाइनीवर आलो. माझी शाळा झाली अहिवाऱ्यात, हिंदीतून. डेमोच्या दिवशी बाबांनीच मला स्कूटरवरून आणलं आणि ते फाटकाबाहेर थांबले.

सहावीचा वर्ग होता. धडा सोपा: बिंदू, रेषाखंड, किरण, रेषा. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बसल्या होत्या. मी इंग्रजी शब्द पाठ करून आले होते, तरी बोलता बोलता हिंदीवर येत होते. बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, फक्त जागा असते, असं सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "मॅम, तो फिर दिखता कैसे है?"

"दिखता नहीं. हम निशान लगाते हैं, ताकि भूलें नहीं."

तिला ते पटलं. मलाही जरा धीर आला. पट्टीची कड दाखवून रेषाखंड झाला, त्याला दोन्हीकडे टोक. टॉर्चच्या उजेडावरून किरण झाला, त्याला एकीकडेच टोक. मग रेषा काढायला मी फळ्याकडे वळले.

आमच्या शाळेत गणिताचे सर रेषा काढायचे ती अशी: फळ्याच्या मधोमध सुरुवात करायची आणि खडू उचलायचाच नाही. फळा संपला की भिंतीवरून, थेट दाराच्या चौकटीपर्यंत. तिथे बाण काढून म्हणायचे, "आता पुढे तुम्ही न्या." मग परत येऊन दुसऱ्या बाजूला तसंच. रेषा म्हणजे काय, हे मला त्यांच्या हाताकडे बघून कळलं, व्याख्या नंतर आली. आमची भिंत गेरूची होती; ओलं फडकं फिरवलं की साफ.

माझाही हात तसाच निघाला. पांढरा बोर्ड संपला, त्याची पट्टी ओलांडली आणि मी भिंतीवरून रेघ ओढत खिडकीपर्यंत गेले. बाण काढला. मुलं हसत, माना लांब करून खिडकीबाहेर बघायला लागली. "मॅम, ग्राउंड के पार?" "उसके भी पार!" "दुर्ग तक?" "रायपुर तक!" "अबे, उधर दुर्ग है, रायपुर तो दूसरी तरफ जाएगी!"

तेव्हा माझं लक्ष हाताकडे गेलं. हातात खडू नव्हता, मार्कर होता. भिंत फिक्या पिवळ्या रंगाची, नवी कोरी. मी रुमालाने पुसून पाहिलं. काळी रेषा पसरली, पण गेली नाही. उरलेला तास मी काय शिकवलं ते आठवत नाही. मुलं मात्र घंटा होईपर्यंत रेषा कुठे कुठे जाईल यावरच भांडत होती.

ऑफिसात मुख्याध्यापिका माझ्याशी मराठीत बोलल्या. त्या दुर्गच्या जुन्या मराठी घरातल्या.

"पेंट मागच्याच आठवड्यात झालाय, बाई."

"हो मॅडम. मी स्वतः रंग आणून लावून देते."

"तुम्ही कशाला रंगवता? शिपाई बघेल. पुढच्या वेळेस भिंतीच्या अलीकडे बाण काढा आणि बाकीचं तोंडाने सांगा."

मी पुन्हा माफी मागितली. मग थांबले. "पुढच्या वेळेस म्हणजे, मॅडम?"

"सोमवारी. सहावीचा वर्ग तुमचा. पोरं आत्तापासून विचारतायत, त्या रेषेवाल्या मॅडम येणार का." त्या हसल्या. "पाणी प्या आधी."

मी ग्लास रिकामा केला.

बाबा स्कूटरला टेकून उभे होते.

"का म्हणे शाळावाले?"

"सोमवारी बोलावलं."

त्यांचा चेहरा उतरला. "कावून? पुन्हा परीक्षा?"

"नाही बाबा. शिकवाले. नोकरी लागली."

बाबांनी उपरण्याने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. मग स्कूटरवर बसले, किक मारली, गिअर टाकला. गाडी नुसतीच घरघरत होती, जागची हलत नव्हती.

"बाबा," मी म्हणाले, "स्टँड त काढा."