पुतळाबाईला खाली उतरू द्या

माझ्या आईला माझ्या सख्ख्या भावाने पाच महिने अकराव्या मजल्यावर कोंडून ठेवलं, आणि वर त्याला काळजी असं नाव दिलं. हे मी काही गोडीगुलाबीने सांगणार नाही. ज्याला झोंबेल त्याने पाणी प्यावं.

आई म्हणजे पुतळाबाई. वय चौऱ्याहत्तर. मोरिवलीची लेक, बदलापुरात कुळगावच्या आगऱ्याच्या घरात दिलेली. लग्न होऊन आली ती थेट चिखलात उतरली. भात लावायचं, बेणायचं, कापायचं. बांधातले खेकडे उघड्या हाताने बाहेर काढायचे. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळं अशा रानभाज्या खुडून ओटीत भरून आणायची. तिला मी आयुष्यात कधी 'फिरायला' गेलेली पाहिली नाही. कशाला जाईल? दिवसभर बाहेरच तर होती. सत्तरीपर्यंत तिला साधी डोकेदुखीची गोळी माहीत नव्हती. रात्री पाठ टेकली की दोन मिनिटांत घोरायला लागायची, आणि आम्ही पोरं तिची नक्कल करून हसायचो.

मग शेत बिल्डरला गेलं. आमच्यात बहिणीने हिस्सा मागितला की माहेर तुटतं म्हणतात. म्हणून बहिणी हक्कसोडीवर सही करतात, साडी घेतात, पोटभर जेवतात आणि आपल्या घरी जातात. मीही तेच केलं. उल्हासनगरला कापडाच्या दुकानात काउंटरवर दिवसभर बिलं वाचणारी मी बाई, पण तो कागद वाचला नाही. माझा भाऊ भूपेश म्हणाला, "ताई, इथं कर, इथं कर," आणि मी करत गेले. कपाळ माझं!

त्याच शेतावर टॉवर उभा राहिला आणि त्याच टॉवरमध्ये आईला अकराव्या मजल्यावर नेऊन बसवलं. तरी ती रोज खाली उतरायची, कुळगावातल्या जुन्या बायकांकडे चालत जायची, येताना कुणाच्या तरी परसातली भाजी घेऊन यायची. होळीला बाथरूममध्ये पाय घसरला आणि मनगट मोडलं. प्लास्टर काढलं त्या दिवशी मी दवाखान्यात होते. डॉक्टर स्वच्छ मराठीत बोलले, "आजींना घरात बसवू नका. रोज सकाळी उन्हात न्या, मातीवर चालवा. नाहीतर पाय जातील." मी ऐकलं, भूपेशनेही ऐकलं. पण ह्या उंटावरच्या शहाण्याच्या कानात शिरलं ते एवढंच की म्हातारी पुन्हा पडू शकते.

झालं. नवराबायको कामाला जाताना बाहेरून कुलूप लावायला लागले. गॅलरीला जाळी ठोकली, खाली प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलं. "बघ आये, तुझ्यासाठी लॉन!" उन्हाच्या नावाने गोळ्या सुरू केल्या. ऊन फुकट पडलंय बाहेर, आणि हा डबीतून चारतोय! आणि हेच लोक सुट्टीला पोरांना घेऊन कर्जतच्या रिसॉर्टला जाणार, तिथे भाताच्या वाफ्यात पाय बुडवून फोटो काढणार. मला ते फोटो पाठवले होते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

श्रावणात माझ्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी गेले. ती दोघं कामावर. माझ्याकडे एक किल्ली होती. आई पलंगावर बसलेली, पाय सुजलेले, डोळे कुठेतरी लागलेले. संडासापर्यंत जायला भिंत धरत होती. "झोप येते का गं?" विचारलं, तर म्हणाली, "कंचा दिवस नि कंची रात, मना कललं तर झोप येल ना."

मी म्हटलं, चल. लिफ्टने खाली आणली, बागेत नेली. बाग म्हणजे काय, कापलेलं गवत, कडेने शोभेच्या झुडपांची रांग, आणि पाटी: गवतावर पाय ठेवू नये. आई दोन मिनिटं बाकावर बसली. मग चपला काढल्या, पदर खोचला आणि माझा हात धरून गवतात उतरली. पहिल्यांदा नुसती उभी राहिली. बोटं मातीत रुतवत होती. मग हळूच उकिडवी बसली आणि तिचे हात सुरू झाले.

ती बेणत होती! भातातलं रानगवत उपटतात तसं, एका लयीत, सरकत सरकत. ज्या बाईला चार पावलं जड होती तिने तासाभरात अर्धी रांग पार केली. तोंडाने बडबड सुरू, "यानी काय लावलंय बग, निस्तं आयतं खानारं." घाम आला, गालावर रंग आला. आणि मी येडी, कौतुकाने बघत बसले. माझ्या लक्षातच आलं नाही की ती शोभेचं महागाचं गवत मुळासकट काढतेय आणि रांगेत उगवलेला टाकळा तेवढा जपून ठेवतेय. तिचं तरी काय चुकलं? खायच्या उपयोगाचं ठेवायचं, बाकीचं उपटायचं, एवढंच तिला साठ वर्षं माहीत.

सोसायटीचा चेअरमन धर्मेश धावत आला. "अरे आजी, ये क्या किया! सगळं डिझाइन खराब केलं!" मी म्हटलं, "ही जमीन हिची होती, शेठ. डिझाइन तुम्ही खराब केलंत." तो मला म्हणतो, "तुम्ही मेंबर आहात का? नाही ना? मग व्हिजिटरने बोलायचं नाही."

त्या दिवशी आई दोन भाकऱ्या जेवली, बागेतून खुडून आणलेल्या टाकळ्याच्या पाल्याच्या भाजीबरोबर, आणि भर दुपारी झोपली. घोरली! पाच महिन्यांनी मी ते घोरणं ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

संध्याकाळी भूपेश आला. "सोसायटीत माझी इज्जत काढलीस, ताई." दुसऱ्याच दिवशी कुलूप बदललं. पुढे महिनाभर मी दारातून आईशी बोलले. आत ती, बाहेर मी, मध्ये लाकूड. ती विचारायची, "बागंतला टाकला हाय का गो अजून, का काढला त्यांनी?" मी खोटंच सांगायची, आहे म्हणून.

आणि मग एक दिवस तोच भूपेश उल्हासनगरला माझ्या दुकानात आला, पेढे घेऊन. हक्कसोडीत एक तुकडा राहून गेला होता. टॉवरच्या मागच्या भिंतीपलीकडचा, ओढ्याकाठचा, दोन गुंठ्यांचा. बिल्डरला तिथून गेट काढायचं होतं. आईचा अंगठा ह्याने घेतलाच होता. आता माझी सही हवी होती.

ह्या वेळी मी वाचलं. गिऱ्हाईक ताटकळलं तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग कागद घडी करून त्याच्या खिशात कोंबला.

"सही नाही करणार. आई चालतेय तोवर तिथे गेट होणार नाही. रोज सकाळी ती त्या तुकड्यावर जाणार. किल्ली दे."

"ब्लॅकमेल करतेस?"

"हो. आणि नाही दिलीस तर त्या जुन्या हक्कसोडीवर वकील लावते."

"माहेर तुटेल हं, ताई. सांगून ठेवतो."

"माहेराला तू कुलूप घातलंयस, भूपेश. आता तुटायचं काय राहिलंय?"

दुकानात सगळे बघत होते. आमचे सिंधी शेठसुद्धा गल्ल्यावरून उठून उभे राहिले. भूपेशने किल्ली काउंटरवर आपटली आणि गेला. पेढेही घेऊन गेला.

आता मी रोज दुकानाआधी बदलापूर गाठते. पहिल्या दिवशी वळसा घालून मागच्या भिंतीपलीकडे पोचायला आईला अर्धा तास लागला, तीनदा बसली. त्या तुकड्यावर कमरेइतकं रान माजलेलं, बिल्डरचं डबर पडलेलं. मला वाटलं, हे बघून ती खचेल. तिने काठी भिंतीला लावली, चपला काढल्या, पदर खोचला. सगळीकडे एकदा नजर फिरवली.

"सही केलीस काय गो?"

"नाही, आये."

"मंग उभी काय ऱ्हायलीस? बस त्या कोपऱ्यात. आन वरवर तोडू नको, मुलासकट काढ."

मी बसले.