बर्फावरचा बाण

दौलतचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजत होते. नाशिकला त्या आठवड्यात थंडी चांगलीच उतरली होती आणि गंगापूर रोडवरच्या माझ्या घरी मी खिडक्या लावून वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. "मास्तर, दादा गेले हो..." एवढे बोलून तो थांबला. मग म्हणाला, "बागेतच. थर्मामीटर वाचायला गेले व्हते. वही हातातच व्हती." दौलत हा माझा शाळासोबती माधव याचा धाकटा भाऊ. दिंडोरीजवळ त्यांची द्राक्षबाग आहे आणि निवृत्तीनंतर कडाक्याच्या थंडीत माधव तिकडे मुक्कामाला जाऊन रोज सकाळचे तापमान नोंदवीत असे. त्या दिवसाची नोंद पूर्ण होती. वेळ, जागा, आकडा आणि दशांशचिन्हानंतरचा अंकसुद्धा. मी फोन ठेवला तेव्हा मला आधी दुःख झाले नाही, भीती वाटली. माधवचे एक काम अपुरे राहिले होते, आणि ते मी अडवले होते.

आम्ही दोघे शाळेत एका बाकावर बसत होतो. मी पुढे भूगोलाचा शिक्षक झालो आणि तो बर्फाचा अभ्यासक. द्राक्षबागेत वाढलेला मुलगा बर्फाकडे कसा वळला, असे लोक विचारीत. मला त्यात कधी आश्चर्य वाटले नाही. थंडी फार वाढली की त्याचे वडील बागेच्या कडेने शेकोट्या पेटवून धूर करीत, आणि द्राक्षांचे मणी तडकतील या धास्तीने घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. अशाच एका सकाळी माधवने वडिलांना विचारले होते, "आधी कधी एवढी थंडी पडली होती का?" वडील म्हणाले, "माझ्या आठवणीत नाय. त्याच्या आधीचं कोणाला ठाव?" त्याच्या आधीचे कोणाला ठाऊक असेल, याचा शोध घेत माधव दोनदा अंटार्क्टिकाला जाऊन आला.

वाचकांसाठी हे काम थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. ध्रुवप्रदेशात पडलेला बर्फ वितळत नाही. एका वर्षाच्या थरावर दुसऱ्या वर्षाचा थर बसतो, खालचा दाबला जाऊन घट्ट होतो आणि त्यात त्या काळातली हवा बुडबुड्यांच्या रूपाने कोंडली जाते. पोकळ नळीसारख्या यंत्राने खोल छिद्र पाडून या बर्फाचे लांबट, गोल तुकडे एकामागून एक वर काढतात. त्यातली धूळ, हवा आणि खुद्द पाण्यातल्या हलक्या आणि जड अणूंचे प्रमाण तपासले की त्या काळी थंडी किती होती याचा अंदाज बांधता येतो. खालचा बर्फ जुना, वरचा नवा. म्हणून तुकडा बाहेर आला की पहिले काम एकच असते: त्यावर वरच्या टोकाकडे तोंड असलेला बाण काढणे. बाण उलटा पडला तर त्या तुकड्यातला काळ उलटा वाचला जातो.

या बाणाची माधवला इतकी सवय जडली होती की निवृत्त होऊन नाशिकला आल्यावर घरातल्या फ्रीझरमधल्या प्रत्येक डब्यावर त्याने तारीख घातली आणि बाण काढला. त्याच्या पत्नी सुनंदावहिनी चिडत. "मटार आहेत हो ते. उलटे ठेवले म्हणून काय शेंगेत परत जाणारेत?" दौलतची थट्टा वेगळी असे. "दादा, हजारो वर्सांचा बर्फ राहू द्या. उद्या गारा पडतील का तेवढं सांगा." माधव हसून म्हणे, "ते मला कळत असतं तर तू मला रोज चहाऐवजी केशरी दूध पाजलं असतंस." पेन मात्र तो बंडीच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवी, वैशाखातसुद्धा. अंटार्क्टिकाच्या थंडीत बाहेरच्या खिशातल्या पेनातली शाई गोठते.

गेल्या पावसाळ्यानंतर मी त्याला आमच्या जुन्या शाळेत व्याख्यानाला नेले. त्याने आपली तिकडची वही आणि काही छायाचित्रे आणली होती. मुलांना बाणाचे महत्त्व पटावे म्हणून, शिक्षकाच्या सवयीने, मीच मधे प्रश्न टाकला: "सर, समजा हा बाण चुकून उलटा काढला गेला, तर पुढे कोणाला कळेल का?" माधवने उत्तर देण्यासाठी वही उघडली, पडद्यावरच्या छायाचित्राकडे पाहिले, मग वहीकडे, मग पुन्हा पडद्याकडे. मुले चुळबुळ करू लागली. शेवटी "कळायला हवं," एवढेच म्हणून त्याने व्याख्यान आवरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला. चहा घेतला नाही. वही आणि छायाचित्र टेबलावर शेजारी शेजारी ठेवून म्हणाला, "बघ. मुलाची वही तपासतोस तशी तपास." वहीत एका तुकड्याची आकृती होती, यंत्रातून बाहेर पडताक्षणी काढलेली. तिचे वरचे टोक तिरके तुटलेले होते आणि खालचे सपाट. छायाचित्रात तोच तुकडा होता, तोच क्रमांक होता. पण बाणाचे तोंड सपाट टोकाकडे होते.

"त्या दिवशी पेन बाहेरच्या खिशात राहिलं," तो म्हणाला. "शाई गोठली. आकृती पेन्सिलीनं काढली आणि बाण तंबूत जाऊन, तासाभरानं काढला. आठवणीवर."

"पण नंतर कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"पुढे कापताना टोकं सपाट करतात. खूण उरत नाही. रेवतीचा सगळा प्रबंध या तुकड्याच्या आसपास उभा आहे, मास्तर. ती म्हणते, तिथं थंडी झपाट्यानं ओसरली. बाण उलटा असेल तर... थंडी झपाट्यानं वाढली."

रेवती ही त्याची विद्यार्थिनी. तो ज्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाला, तिथे आता तीच हे काम पाहते. माधव तिला पत्र लिहून सारे कळवणार होता. वर्षापूर्वीच त्याच्या हृदयावर उपचार झाले होते, आणि डॉक्टरांनी मनावर ताण नको म्हणून बजावले होते. मला एकाएकी सगळे दिसू लागले: त्या मुलीचे मोडलेले काम, हवामान बदलतच नाही म्हणणाऱ्यांना मिळालेले आयते कोलीत, आणि इस्पितळातला माधव. मी म्हणालो, "राहू दे. इतक्या तुकड्यांतल्या एका तुकड्यानं काय होतं?"

छत्तीस वर्षे मी मुलांना एकच शिस्त लावली. चूक खोडायची नाही, तिच्यावर एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचे, म्हणजे चूकही वाचता येते. माधवला हे ठाऊक होते. त्याने माझ्याकडे पाहिले, वही मिटली आणि म्हणाला, "हे तू सांगतोस?" त्यानंतर त्याने तो विषय माझ्यापाशी काढला नाही. पण तो बदलला. फोन वाजला की दचके. दिंडोरीच्या बागेतले थर्मामीटर तो दोनदा वाची, वहीत लिही आणि पुन्हा जाऊन पाही. दौलत मला म्हणाला होता, "दादांना आकड्याचा लय भ्याव वाटतो आता." मला कारण माहीत होते, आणि मी गप्प राहिलो.

त्याच्या चौदाव्यानंतर वहिनींनी फ्रीझर साफ करायला काढला आणि मला बोलावून घेतले. "भाऊजी, हे काय ठेवलंय यांनी मटारच्या डब्याखाली?" प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक लिफाफा होता. वर रेवतीचे नाव आणि पत्ता, कोपऱ्यात वरच्या बाजूला तोंड केलेला छोटा बाण. नीट जपून ठेवायची वस्तू कुठे ठेवावी, याबाबत माधवला एकच जागा खात्रीची वाटत असावी. लिफाफा बर्फासारखा गार होता. तो पूर्ण चिकटवलेला होता, तिकीट लावलेले होते. फक्त पेटीत टाकायचा राहिला होता.

वहिनींनी तो टाकायला माझ्याकडे दिला, आणि चार दिवस तो माझ्या कपाटात पडून होता, हे मी लपवीत नाही. मेलेल्या माणसाची चूक जगापुढे मांडण्याचा मला काय अधिकार, असे मी स्वतःला सांगत होतो. खरे तर मी भ्यालो होतो. त्याच्या नावाला डाग लागेल म्हणून, आणि ते पत्र उशिरा का पोचले हे कोणी विचारील म्हणूनही. पाचव्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "तुम्ही टाकत नसाल तर मी टाकते. त्यांनी तिकीट लावलंय म्हणजे त्यांचं ठरलं होतं." मी त्यांना घेऊन पोस्टात गेलो आणि लिफाफा रजिस्टर केला.

रेवतीचा फोन आठवड्याने आला. आवाज पडलेला होता. प्रत्येक तुकड्याचा अर्धा भाग न वापरता राखून ठेवतात, हे तिने मला समजावले. तो अर्धा भाग आता बाहेर काढतील आणि वरच्या-खालच्या तुकड्यांतल्या धुळीच्या थरांशी जुळवून पाहतील. "वेळ लागेल, काका. बाण उलटा निघाला तर माझं बरंच लिखाण मला परत लिहावं लागेल." मग तिने विचारले, "सरांनी मला आधी का नाही कळवलं? मी रागावले असते, पण त्यांच्यावर नाही."

"त्यांना कळवायचं होतं," मी म्हणालो. "मी अडवलं."

"बरं झालं, सांगितलंत," असे म्हणून तिने फोन ठेवला.

त्या बोलण्याला आता तीन आठवडे झाले. निकाल अजून आलेला नाही. मी अधूनमधून वहिनींकडे जातो. माधवची ती अंटार्क्टिकातली वही मी तिथे उघडून पाहिली आहे. छायाचित्रातला बाण त्याने त्या आकृतीशेजारी काढून घेतला होता, त्यावर एक सरळ रेघ मारली होती, आणि बाजूला उलट दिशेचा बाण काढून पुढे प्रश्नचिन्ह ठेवले होते. काहीही खोडलेले नव्हते. फ्रीझरमधले डबे वहिनींनी होते तसेच परत लावले आहेत, बाण वर करून. मटारच्या डब्याखालची जागा मात्र रिकामी आहे. परवा मी न विचारता तिथे बर्फाचा ट्रे सरकवू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"तिथे नको, भाऊजी. रेवतीचं उत्तर येईल ना, ते ठेवायचंय."

मी ट्रे बाहेर घेतला. मग दार हलकेच लावले.