एर्सिलियाचं दुसरं दार

सबातीनोला हात उचलायची सवय होती, हे कॅनडातल्या हॅमिल्टनच्या त्या इटालियन गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तो पोलाद कारखान्यात भट्टीवर काम करायचा, आणि तिथली सगळी धग घरी येऊन बायकोवर काढायचा. भाजीत मीठ कमी पडलं की थोबाडीत. मुलीचा फोन लांबला की केस धरून ओढणं. एकदा त्यानं एर्सिलियाचं मनगट दारात धरून दार लावलं होतं. डॉक्टरांना तिनं सांगितलं, जिन्यावरून पडले. डॉक्टरांनी मान डोलावली आणि प्लास्टर घातलं. गल्लीतल्या निम्म्या बायका जिन्यावरूनच पडत असत, त्यांनी तरी काय विचारावं!

एर्सिलियाचा दिवस तळघरात जायचा. वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायचं. तिथली शेगडी लग्नातल्या झग्यासारखी जपलेली, तिच्यावर कधी दूधही तापलं नाही. खरा स्वयंपाक खाली, धुणं खाली, जेवणाचं लांब टेबल खाली, वाइनची पिंपं खाली. आमच्या सगळ्यांच्याच घरी असं असतं, त्यात कोणाला नवल वाटत नाही. एर्सिलियाला मात्र त्या तळघराची एक गोष्ट रात्रंदिवस छळायची. वर जायला एकच जिना होता. बाजूच्या दारातून सबातीनो आत आला, दोन पायऱ्या उतरून उभा राहिला की संपलं. मागे घराच्या पायाची जाड भिंत आणि पुढे तो.

मुलगी लोरेदाना शहाणी होती, लग्न करून गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. "मम्मा, निघून ये माझ्याकडे," असं ती कितीदा म्हणाली असेल. एर्सिलियानं एकदाच तिला खरं उत्तर दिलं.

"निघू कुठून गं? तो जिन्यात उभा असतो."

तेव्हापासून दुसरं दार तिच्या डोक्यात बसलं. मागच्या भिंतीत, परसात उघडणारं. नवऱ्याकडे सरळ मागणं म्हणजे मार मागून घेणं, म्हणून तिनं त्याचा अहंकार गाठला. इटलीतल्या त्यांच्याच गावच्या उबाल्दोनं तळघर नवं केलं होतं. कमान, बार, वर झुंबर. रविवारच्या चर्चनंतर तो लोकांना घरी नेऊन ते दाखवत टेंभा मिरवायचा. एर्सिलिया जेवण वाढता वाढता एवढंच म्हणाली की उबाल्दोची कमान फार देखणी झालीय, सगळे म्हणतात. सबातीनोनं पाव ताटात आपटला. आठवडाभरात त्यानं जाहीर केलं की आपलं तळघर असं करायचं की उबाल्दोनं तोंड लपवावं.

मग टेबलावर कॅलेंडरची पाठ पसरून आराखडा सुरू झाला. सबातीनोचा धाकटा भाऊ नेल्लो काँक्रीट कापायचं काम करायचा. तो पेन्सिल कानावर खोचून बसला. सबातीनोला दोन कमानी हव्या होत्या, उबाल्दोकडे एक होती ना! बार हवा, हिरव्या टाइल्स हव्यात, द्राक्षं दाबायच्या यंत्राला वेगळा कोपरा हवा. शेवटी एर्सिलियानं हळूच सांगितलं की मागे एक दार असलं तर सप्टेंबरात टोमॅटोच्या पेट्या परसातून थेट खाली येतील, वरच्या फरशीला डाग लागणार नाहीत. सबातीनोला ते पटलं, इतकं की दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्यात ते स्वतःची कल्पना म्हणून सांगितलं.

नेल्लोनं दाराची चौकट आखताना वर पाहिलं नाही. तो मूर्ख नव्हता. भावजयीच्या जबड्यावरचा निळा डाग त्यानं कित्येक रविवारी टेबलापलीकडून पाहिला होता आणि स्वतःच्या पेल्यात आणखी वाइन ओतली होती. असल्या सभ्य माणसांचा मला फार राग येतो. मारणारा एक असतो, त्याला जागा करून देणारे हेच.

वर्षभराचा रस बाटल्यांत भरायचा टोमॅटोचा दिवस उजाडला. दरवर्षीप्रमाणे लोरेदाना आली, नेल्लोही आला. भिंत ठोकून पाहायची म्हणून त्यानं घण सोबत आणला होता. तळघरात वाफ कोंडली होती. जमिनीवरच्या गॅसच्या शेगडीवर मोठ्या हंड्यात रसाच्या बाटल्या उकळत होत्या, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. आणि सबातीनोनं सकाळपासूनच पिंपाचा नळ सोडला होता. पेला हातात घेऊन तो मागच्या भिंतीपाशी गेला आणि म्हणाला की इथं दार नको. इथं मांस टांगायची थंड खोली करू, तशी उबाल्दोकडे नाही.

"दार हवं," एर्सिलिया म्हणाली.

आजवर तिनं चारचौघांत त्याचा शब्द खोडला नव्हता. लोरेदानाचा हात टोमॅटोत थांबला. सबातीनो सावकाश वळला.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, थंड खोली दुसरीकडे कर. दार इथंच हवं."

पहिला तडाखा कानावर बसला. ती टेबलावर आदळली आणि बाटल्या खाली फुटल्या. दुसऱ्यानं ओठ फाटला. लोरेदाना मध्ये पडली तर त्यानं तिला इतक्या जोरात ढकललं की तिचं डोकं लोखंडी खांबाला लागलं आणि ती तिथंच बसली, कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरलं. नेल्लो भिंतीला चिकटून "दादा, अरे दादा" करत राहिला. सबातीनोनं त्याचाच घण उचलला.

"नवं तळघर हवंय ना तुला? मी सुरुवात करतो."

त्यानं मोरी फोडली. नळ तुटून पाण्याचा फवारा उडाला. मग कपाटं, मग तिची चूल, जिच्यावर त्याचं रोजचं अन्न शिजत होतं. प्रत्येक घावाला तो तिच्याकडे बघत होता. फोडायचं काही उरलं नाही तेव्हा तो घण तसाच धरून तिच्याकडे आला. एर्सिलियाच्या पाठीला भिंत लागली. पुढे नवरा, मध्ये तेवढा उकळता हंडा. आता हा मला मारून टाकणार, हे तिला अगदी शांतपणे कळलं.

तिनं ओल्या फडक्यानं हंड्याचा कान धरला आणि सगळा जोर लावून तो त्याच्यावर उलटला.

पाणी त्याच्या मांड्यांपासून पायांपर्यंत गेलं. त्याचं ओरडणं गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं म्हणतात. तो पडला तो फुटलेल्या काचांवर पडला. घण नेल्लोनं उचलला, फार उशिरा का होईना.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सबातीनोनं दात आवळून सांगितलं की हंडा हातून निसटला. बायकोनं भाजलं हे मर्द माणूस कोणत्या तोंडानं सांगणार! एर्सिलिया शेजारी उभी होती, ओठाला टाके. डॉक्टरांनी तिलाही विचारलं.

"यांनी मारलं," ती म्हणाली. सबातीनोनं मान भिंतीकडे वळवली.

दुसऱ्या सकाळी तिनं नेल्लोला बोलावलं आणि भिंत कापायला सांगितली. नेल्लोनं चुळबुळ केली. दादा घरी येऊ दे, त्याला विचारून करू. एर्सिलियानं कॅलेंडरवरचा आराखडा त्याच्यापुढे ठेवला. शेवटी त्यानं खाली मान घालून पेन्सिल काढली.

"किती रुंद ठेवू, वहिनी? टोमॅटोची पेटी जाईल एवढं?"

"पेटीचं सोड. मागे तुझा भाऊ घण घेऊन लागलाय आणि मी पळतेय. त्यात मी अडकायला नको, एवढं."

नेल्लोचा चेहरा उतरला. त्यानं करवत लावली. काँक्रीटच्या धुळीनं तळघर पांढरं झालं, आणि संध्याकाळी परसातला उजेड आत आला. दुसऱ्या दिवशी त्यानं तिथं दार बसवलं, आतून कडी लावली.

सबातीनो घरी आला, पायांच्या जखमा वाळेपर्यंत खाटेवर पडून राहिला. कमानी आणि बार राहूनच गेले. बरेच आठवडे तो वरच बसून असायचा, ती ताट वर नेऊन ठेवायची; खाली काय बदललं ते त्यानं पाहिलंच नव्हतं. ती तेव्हाच का गेली नाही, असं लोक विचारतात. ज्यांच्या पाठीला कधी भिंत लागली नाही ते विचारतात.

जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, सूप कोमट लागलं म्हणून तो वाडगा घेऊन खाली उतरला. वाडगा त्यानं तिच्या डोक्याशेजारी भिंतीवर फोडला. मग पट्टा काढला आणि सवयीनं मागे सरून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वाट अडवून उभा राहिला.

एर्सिलियानं खुंटीवरचा कोट घेतला आणि उलट दिशेला चालू लागली.

"तिकडे कुठे चाललीस?" तो पायरीवरूनच ओरडला. "जिना इकडे आहे."

तिनं मागच्या दाराची कडी काढली. भाजलेल्या पायांनी त्याला धावता येईना, आणि ती मागे वळलीही नाही. सपाता बर्फात रुतत होत्या. फाटक ओलांडून रस्त्यावर आल्यावर तिला रडू फुटलं, आणि त्यात भीती नव्हती. एक भिंत कापायला नेल्लोला एक दिवस लागला होता, आणि तिनं तिथं उभं आयुष्य काढलं होतं, याचा तो संताप होता.