नळीच्या आतलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तो गेला, काही न कळताच गेला. पोरांना नाही. देवळात हात जोडून उभी राहिले तेव्हाही दुसरंच काहीबाही बोलले, एवढं वगळून. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून. लागत असता तर तुमच्यापुढेही गप्प बसले असते. मी स्वतःला चांगली ओळखते.

तांब्याचं भांडं कसं घासतात, ठाऊक आहे? हसू नका. मला तिथूनच सुरुवात करावी लागेल.

माझं सासर श्रीवर्धनच्या अलीकडचं, समुद्राच्या अंगाला. माडांची वाडी, मधे विहीर, पुढे घर. माडावर चढून माडी उतरवायची हा घरचा धंदा. संस्थानचं राज्य होतं तेव्हा. तिसाच्या सालाच्या आगेमागची ही गोष्ट. माडी विकायला परवाना मिळे, पण ती घरी उकळून दारू काढायची बंदी. आता, बंदी आहे म्हणून शिमगा कोरडा जातो का कुठे? घरोघर निघायचीच. आमचं सामान विहिरीमागे मातीत पुरलेलं असे, वर झावळ्या टाकून. एक तांब्याचा हंडा, त्याचं झाकण, आणि माणसाच्या उंचीएवढी तांब्याची नळी. हंड्यात आंबलेली माडी उकळायची, वाफ नळीत शिरायची, नळी गार पाण्याच्या डोणीतून जायची, आणि पलीकडच्या तोंडातून दारूची धार पडायची. एवढंच ते यंत्र. पण तांबं मातीत राहिलं, त्यातून आमच्याकडची खारी माती, की हिरवं पडतं. त्या हिरव्याला आम्ही कळंक म्हणतो. तो आत राहिला की दारू कळकते, पिणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होते. माणसाच्या नावाला लागतो त्यालाही कळंकच म्हणतात. शब्द एकच आहे, त्याला मी काय करू?

घासण्याचं काम माझ्या थोरल्या जावेचं. तिचं नाव गोदा. मी तिला बाय म्हणायची.

गोदाचा हात तांब्याला असा लागायचा की सासरे पाहुण्यांना मुद्दाम वाडीत नेऊन हंडा दाखवायचे, अबकारीवाल्यांची भीती विसरून. मी लग्न होऊन आले तेव्हा तिनेच मला शिकवलं. चुलीतली राख चाळून घ्यायची, मीठ घालायचं, आमसुलाच्या कोमट पाण्यात कालवायची, आणि नारळाच्या काथ्याने घासायचं. मग नळी. नळीचं एक तोंड चिखलाने बुजवायचं, आत आमसुलाचं कढत पाणी भरायचं, रात्रभर ठेवायचं. सकाळी सुतळीला काथ्याचा बोळा बांधून आतून ओढायचा. इकडून तिकडे, तिकडून इकडे, पाणी हिरवं यायचं थांबेपर्यंत. खांदे भरून यायचे. एकदा मी कंटाळले तर ती हसली.

"भायेरचं लोकं बगतात गं पारू," ती म्हणाली. "आतलं दारू बगते."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला काही ते विसरता आलेलं नाही.

गोदाला मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झालेली. मी मागाहून आले आणि मला मुलगी झाली. सासूबाईंनी बारशाला हात आखडून गूळ वाटला, मुलगी ना! त्या वर्षी हिवाळा सरता सरता गोदाची पाळी चुकली. पुन्हा चुकली. मग काय विचारता! थोरलीला दूध, थोरलीला कोंबडीचं अंडं, थोरलीला चुलीपाशी बसू देऊ नका, धुराने मळमळेल. मोठे दीर बाजारातून तिच्यासाठी मोसंबी घेऊन आले. मी पोर कडेवर घेऊन भाकऱ्या बडवत होते. जळत होते का? होते. गोदाने त्या मोसंब्यातली अर्धी फोडून माझ्या पोरीच्या तोंडात घातली, तेही मला खुपलं. एखादीचा चांगुलपणासुद्धा किती टोचावा माणसाला!

मुद्द्यावर येते. येतेच आहे.

शिमगा तोंडावर आला. पुरुषांनी सामान उकरून विहिरीवर आणून ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, हंडा थोरलीच घासेल, बसून करायचं काम आहे, तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाला नाही. माझ्यासमोर म्हणाल्या. मला नुसती राख-पाणी द्यायला तिच्याबरोबर धाडलं.

विहिरीवर गेल्यावर गोदाने माझं मनगट धरलं. तिचा चेहरा उतरलेला. "पारू, मी भायेरची झाले," ती म्हणाली. तिला पहाटेच कळून चुकलं होतं. तिचं मूल नव्हतंच, किंवा होतं ते राहिलं नव्हतं. तिने डोळे पदराने पुसले आणि मला घरात कुणाला बोलू नको म्हणून विनवलं. "शिमगा होऊंदे. मंग मीच सांगेन आयला. येवढा सण तरी जाऊंदे."

आमच्याकडे बाहेरची बाई भट्टीच्या सामानाला शिवत नाही. शिवली तर दारू नासते, देवाला चालत नाही. ही आमची समजूत, आणि गोदा ती पाळणारी. चुलीपाशी तर तिला तसंही कोणी बसू देत नव्हतं. हंड्याला मात्र तिने बोट लावलं नाही. ती माडाला टेकून लांब बसली आणि सगळं मी घासलं. ओटीवरून पाहणाऱ्याला वाटावं, दोघी मिळून काम करताहेत.

हंडा मी मन लावून घासला, खोटं कशाला सांगू? इतका की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. गोदापेक्षा माझा हात वरचढ आहे हे एकदा दिसू दे सगळ्यांना, असं मनात होतं. झाकण घासलं. नळीही वरून घासली, तिची दोन्ही तोंडं बोटाच्या पेरापुरती आतूनही चकचकीत केली. तोवर गोदाच्या पोटात कळा येऊ लागल्या आणि ती आडवी व्हायला घरात गेली. "नळी भरून ठेव," जाताना म्हणाली. "सकाळी बोळा वढ."

माझ्या बोटांच्या भेगांत मीठ जाऊन आग होत होती. शेजारच्या पाखाडीत, म्हणजे पलीकडच्या आळीत, पालखी आली होती, ढोल ऐकू येत होता. आणि नळीच्या आत कोण बघणार आहे? मी नळीत तांब्याभर साधं पाणी ओतलं, ओतून दिलं, नळी झावळ्यांखाली सरकवली आणि पोरीला घेऊन पालखी बघायला गेले.

संध्याकाळी गोदाने विचारलं, भरलीस? मी म्हटलं, व्हय. दुसऱ्या दिवशी विचारलं, वढलास बोळा? मी म्हटलं, व्हय. दोन्ही वेळा तिने विश्वास ठेवला.

शिमग्याला पुरुषांनी भट्टी लावली. पहिली धार देवाची. तिचे चार थेंब माडाच्या बुंध्याशी शिंपडतात आणि उरलेली घरातला वडील माणूस प्रसाद म्हणून पितो, उपाशीपोटी. महिने न् महिने नळीत बसलेल्या कळंकातला सुटेल तेवढा धुऊन निघतो तो त्या पहिल्याच धारेत. हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणू का? कळलं होतं. सासऱ्यांनी वाटी तोंडाला लावली तेव्हा मी दारातच उभी होते. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार होते मी? की पालखी बघायला गेले होते?

थोड्याच वेळात त्यांना उलट्या सुरू झाल्या. हिरव्या-निळ्या. पोट धरून ते ओटीवर लोळायला लागले. दिरांनी भांड्यातली दारू जिभेला लावली आणि थुंकली. "कळकली!" ते ओरडले.

सासूबाई आत आल्या. आम्ही दोघी माजघरात उभ्या होतो. त्यांनी विचारलं, "नळी कुणी घासली?"

गोदा म्हणाली, "आय, मी हात न्हाय लावला."

आणि थांबली. का हात लावला नाही, ते तिला सांगता येईना. सांगितलं तर मूल नाही हे सांगावं लागणार; बाहेर नवरा उभा, सासरे ओकताहेत. ती माझ्याकडे बघायला लागली. वाट बघत होती ती. मी घासली, एवढे दोन शब्द. तेवढे बोलायला मला काय लागणार होतं? शिव्या. फार तर एखादी चापट. माझी मुलगी होती, नवरा होता, मला कोणी घराबाहेर काढणार नव्हतं.

मी म्हटलं, "बायनंच घासली."

सासूबाई घुटमळल्या. पोटुशी आहे म्हणून थोरलीवर ओरडावं की नाही, हे त्यांना कळेना. तिथेच ते थांबलं असतं. सासऱ्यांना ताक पाजलं असतं, चार दिवस बोलणी झाली असती, संपलं असतं. पण मला त्यांचं ते घुटमळणं दिसलं. माझं नाव निघालं असतं तर माझ्यासाठी त्या अशा घुटमळल्या असत्या का? आणि मला कोणी काहीही विचारलेलं नसताना मी म्हटलं —

"आन् ती भायेरची हाय, आय."

हे ते. हेच सांगायला बसले होते इतका वेळ. पहिलं मी भीतीने बोलले, त्याला एक वेळ भीती म्हणता येईल. दुसरं कशाने बोलले? ते तर खरंही होतं. गोदाने माझ्यापाशी ठेवायला दिलेलं होतं.

मग जे झालं ते तुम्हीच समजा. विटाळ लपवला, देवाचं सामान शिवली, मूल आहे म्हणून महिना-दीड महिना घरादाराला खेळवलं, सासऱ्याला मारायला निघाली. बोलायला तोंडं कमी नव्हती. गोदा विहिरीमागे गेली. मी पाठोपाठ गेले, का गेले कोण जाणे. भट्टी विझली होती. तिने नळी उचलली, बोट आत घातलं, जिथवर मी चकचकीत केली होती त्याच्याही पुढे, आणि फिरवून बाहेर काढलं. बोट हिरवंगार. तिने ते माझ्यापुढे धरलं. मग पदराला पुसलं आणि नळी जागच्या जागी ठेवून दिली.

ती घरात जाऊन ते बोट सगळ्यांना दाखवू शकली असती. पण त्याने काय सिद्ध झालं असतं? घासली नाही, एवढंच. कोणी, ते नाही.

दुसऱ्या दिवशी तिला तिच्या भावाकडे पोचवली, आगरदांड्याला. पदरावर तो हिरवा डाग तसाच होता. सासरे आठवड्याभरात उठून बसले, विडी मागायला लागले, पुढे कितीतरी वर्षं जगले. गोदा मात्र परत आली नाही. दिवाळीनंतर दिरांनी दुसरी बायको केली. हंडा-नळीचं काम माझ्याकडे आलं. पारूचा हात चांगला, सासूबाई म्हणाल्या. ज्यासाठी जळत होते ते सगळं मिळालं मला.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली, बोर्ली पंचतनच्या बाजारात. कुणाच्या तरी वाडीत सुपाऱ्या सोलायला जात होती. नखं काळी पडलेली. मला वाटलं तोंड फिरवेल. तिने सासऱ्यांची चौकशी केली. माझ्या पोरीची केली. मग म्हणाली, "नळी आतनं घासतेस ना आता?"

"व्हय बाय," मी म्हटलं.

"बोळा वढतेस?"

"व्हय."

"मंग बरं," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घ्यायला वाकली. आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. तेव्हा बोलता आलं असतं. घरी जाऊन सासूबाईंपुढेही बोलता आलं असतं, त्या अजून होत्या. मी तिच्या टोपलीला हात लावला, उचलून दिली, आणि पलीकडे जाऊन सुक्या बोंबलांचा भाव विचारत बसले.

काही वर्षांनी ती गेल्याचं कानावर आलं. घरात कोणी आंघोळ केली नाही. आमचं तिच्याशी नातं राहिलं नव्हतं ना!

भट्टीचं सामान केव्हाच मोडीत गेलं. आता घरात तांब्याची म्हणजे पूजेची भांडी, आणि ती सुना घासतात. राख, मीठ, आमसुलाचं पाणी. कळशीच्या आत हात घालून घासतात, आधी आतून, मग बाहेरून. आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात, ही आमच्या आईंची रीत. परवा धाकटी एका पाहुणीला सांगत होती, "आमच्या आई म्हणतात, भायेरचं लोकं बगतात." पुढचं तिला आठवेना. तिने ओटीवर माझ्याकडे पाहून विचारलं, "पुढं काय हो, आई?"

मी सांगितलं. पाहुणी म्हणाली, किती छान बोलता हो तुम्ही. मी हसले.